लाकूड-सेल्युलोजमध्ये रिसर्च करायचाय? इथून सुरू करा

एमएस्सी झाली की सगळे फार्माकडे पळतात, तुम्हाला लाकडात यायचं असेल तर आधी क्लासन लिग्निन टेस्ट (लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन किती आहे ते मोजायची पद्धत) हातात बसवा. लाकडाच्या भुशातली राळ वगैरे ॲसिटोनने काढून घ्या (नाहीतर लिग्निन उगाच जास्त दिसतं), मग वाळवलेला भुसा ७२ टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये ३० डिग्रीला तासभर ढवळत बसायचं, काळाकुट्ट चिखल होतो, घाबरू नका, तो ४ टक्क्यांपर्यंत पातळ करून १२१ डिग्रीला तासभर ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेत तापवणं), गाळून वाळवून उरतं ते लिग्निन. सेल्युलोज (लाकडाच्या तंतूंचा मुख्य घटक) साखर होऊन पाण्यात गेलेलं असतं!

पीएचडी वगैरेसाठी देहरादूनचं एफआरआय (वन संशोधन संस्था) बघा, पेपरसाठी आयआयटी रुरकीचा सहारनपूर कॅम्पस. मुंबई सोडायची नसेल तर माटुंग्याचं सिरकॉट (केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था), १९२४ पासून कापसावरच काम चालू आहे आणि कापूस म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोजच की.