टेक्सासच्या हायस्कूलमध्ये फुटबॉल आणि गोल्फचा कोच व्हायचं असेल तर

टेक्सासमध्ये हायस्कूलचा कोच आधी शिक्षक असतो. सरकारी शाळेत फुटबॉलचा, म्हणजे हेल्मेट-पॅडवाल्या अमेरिकन फुटबॉलचा, हेड कोच त्या स्कूल डिस्ट्रिक्टचा (भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचा) पूर्णवेळ कर्मचारीच असावा लागतो, त्यामुळे पदवी आणि शिक्षकाचं प्रमाणपत्र हाती नसेल तर पुढचं सगळं अडतं. अर्जात कोणता विषय शिकवता ते ठळक लिहा. गणित किंवा विज्ञान शिकवणारा असिस्टंट कोच प्रिन्सिपलना हवा असतो; फक्त पीई (शारीरिक शिक्षण) शिकवणारे पुष्कळ मिळतात. कोचिंगचा भत्ता शिक्षकाच्या पगारावर वेगळा मिळतो. बस चालवायचा व्यावसायिक परवाना काढून ठेवा, बऱ्याच शाळा नव्या असिस्टंटकडून ती अपेक्षा करतात. डॅलस-ह्यूस्टनकडच्या मराठी घरातलं कोणी या वाटेला निघालं असेल, तर आईवडिलांना हेही सांगावं की ही पेन्शन असलेली शिक्षकाची नोकरी आहे.

फुटबॉलबरोबर गोल्फ जमतो तो वेळापत्रकामुळे. फुटबॉल ऑगस्ट ते डिसेंबर चालतो, गोल्फच्या मुख्य स्पर्धा वसंतात होतात. ओहायोत शालेय गोल्फही फुटबॉलच्याच हंगामात येतो, तिथे ही जोडी बसत नाही.

ऑगस्टचे पहिले दोन आठवडे सर्वांत धोक्याचे. शरीराला उष्णता सोसायची सवय व्हायला १० ते १४ दिवस लागतात, म्हणून आधी फक्त हेल्मेट, मग शोल्डर पॅड आणि शेवटी पूर्ण साहित्य असा क्रम ठेवतात. उशिरा आलेला मुलगाही पहिल्या दिवसापासूनच सुरुवात करतो. तो कितीही चांगला असला तरी त्याला थेट पूर्ण पॅडमध्ये उतरवू नका. बर्फाच्या पाण्याचा टब मैदानालगत, प्रॅक्टिस सुरू होण्याआधी भरलेला हवा. उष्माघातात मुलगा अडखळतो, असंबद्ध बोलतो, चिडतो. ॲम्ब्युलन्स बोलवा, पण तिची वाट पाहत थांबू नका: त्याला लगेच टबात उतरवा. आधी थंड करायचं, मग हॉस्पिटल. डोक्याला मार लागल्याची शंका आली तर त्या दिवशी खेळ बंद. २०११ च्या राज्याच्या कायद्यानुसार परत खेळवायचा निर्णय कोचच्या हातात नाही, डॉक्टरांची लेखी परवानगी लागते. सामना हातातून जात असतानाही यात तडजोड नाही.

हंगामात पूर्ण ताकदीच्या टक्करीचा सराव प्रत्येक खेळाडूला आठवड्यात ९० मिनिटांपर्यंतच देता येतो. म्हणून प्रॅक्टिस पाच-पाच मिनिटांच्या टप्प्यांत कागदावर आखा आणि खेळाडूंच्या कोणत्या तुकडीला कोण शिकवणार तेही लिहा. शुक्रवारी सामना, शनिवारी व्हिडिओ आणि जखमांची पाहणी, मंगळवार-बुधवार खरं काम, गुरुवारी ज्युनियर टीमचे सामने आणि शुक्रवारची हलकी उजळणी. नवा कोच हमखास घसरतो तो दोन ठिकाणी. एक, प्ले (आधी ठरवलेल्या चाली) फार. मुलांना नावं पाठ होतात, पण बचावाने रचना बदलली की लाइनमनला (पुढच्या रांगेत अडवणाऱ्या खेळाडूला) कोणाला अडवायचं ते कळत नाही. थोड्या प्ले ठेवा आणि प्रत्येक प्ले तीन-चार रचनांविरुद्ध घोटून घ्या. दुसरं, स्पेशल टीम्स, म्हणजे चेंडू लाथेने मारायच्या डावांसाठीच्या तुकड्या. पंटच्या वेळी (लाथेने चेंडू लांब पाठवताना) तो मारणाऱ्याकडे चेंडू सुमारे १५ यार्ड मागे फेकायचा असतो. तो नेमका फेकणारा मुलगा जखमी झाला आणि दुसरा तयार नसला तर चेंडू पंट मारणाऱ्याच्या डोक्यावरून जातो आणि सामना तिथेच फिरतो. चेंडू मागे फेकणारे असे दोन स्नॅपर तयार ठेवा, एक खालच्या वर्गातला. दुसऱ्या राज्यातून येत असाल तर नियम पुन्हा वाचा. टेक्सासची शाळा कॉलेजच्या, म्हणजे एनसीएए या कॉलेज क्रीडासंघटनेच्या, नियमांच्या आधाराने खेळते.

मार्कांचा तक्ता दर आठवड्याला पाहा. ७० च्या खाली गेलेला मुलगा तीन आठवडे सामने खेळू शकत नाही, आणि हे निकालाच्या दिवशी कळून उपयोग नसतो.

गोल्फमध्ये फुटबॉलचा आवाज घरी ठेवावा लागतो. टीममध्ये पाच जण खेळतात, सर्वांत चांगले चार स्कोअर धरतात. म्हणजे पाचवा हा विमा आहे. कोणी बाद झाला की उरलेल्या चौघांतला सर्वांत वाईट स्कोअरही मोजावा लागतो, आणि बाद होण्याचं टाळता येण्यासारखं कारण म्हणजे स्कोअरकार्ड. एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केली तर खेळाडू अपात्र ठरतो. जास्त लिहिला तर तो तसाच धरतात. आकडे जुळवून मगच सही, ही सवय सरावातच लावा. चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात, म्हणून शंका आली की आधी प्रोव्हिजनल (राखीव दुसरा चेंडू) मारायचा. बॅगेत १४ पेक्षा जास्त क्लब नाहीत ना, तेही पहिला फटका मारण्याआधी मोजून घ्यावं.

मुलाचा स्वतःचा गोल्फ शिक्षक असेल तर त्याच्या स्विंगला हात लावू नका. दोन जणांच्या सूचनांमध्ये मुलगा गोंधळतो. तुम्ही शॉट कुठे वाया जातात ते मोजा: पट (होलजवळच्या गवतावर चेंडू घरंगळवणारे फटके), पेनल्टी, १०० यार्डांच्या आतले फटके. निम्मा सराव याच अंतरावर घ्या, आणि एक मीटरचे पट रोज.

दोन्ही जबाबदाऱ्या घेण्याआधी एक विचारा. ५ए आणि ६ए वर्गातल्या, म्हणजे विद्यार्थीसंख्येने सर्वांत मोठ्या, शाळांना वसंतातही फुटबॉलचा सराव घेता येतो, आणि तो गोल्फच्या मोठ्या स्पर्धांच्या दिवसांवर येऊ शकतो. त्या दिवशी तुमची फुटबॉलची तुकडी कोण सांभाळणार, ते ॲथलेटिक डायरेक्टरकडून (क्रीडाप्रमुखाकडून) नाव घेऊन ठरवून घ्या.