पाळी जाताना ‘पिशवी काढा’ ऐकलं, तर काय करावं?

चाळिशीनंतर अंगावरून जास्त जायला लागलं की शेजारणीच सुचवतात, ‘काढून टाक पिशवी, कटकट मिटेल.’ एवढ्यावर पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढायला होकार देऊ नका.

आधी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नोंद सुरू करा: पाळी कधी आली, किती दिवस राहिली, किती पॅड लागले, रात्री झोप कधी मोडली. मे महिन्यात सोलापूरचा पारा ४२ च्या पुढे जातो, तेव्हा घाम उन्हाचा की पाळीचा हे कळत नाही. उन्हाचा घाम सावलीत उतरतो. पाळी जातानाची वाफ पंख्याखाली, पहाटेसुद्धा छातीवरून चेहऱ्यावर चढते आणि काही मिनिटांत ओसरते. सलग १२ महिने पाळी आली नाही, की ती गेली असं धरतात. तोवर दिवस राहू शकतात, हेही ध्यानात ठेवा.

मग नोंदी घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जा. सोलापूरच्या सिव्हिलमध्येही, म्हणजे सरकारी रुग्णालयातही, स्त्रीरोग विभाग आहे. रक्त आणि थायरॉइड तपासून घ्या. पाळी थांबून वर्ष उलटल्यावर कधीही नुसता डाग दिसला तरी थांबू नका. बहुतेकदा कारण साधं निघतं, पण कॅन्सर नाही ना, हे सोनोग्राफी आणि गरज पडल्यास पिशवीच्या अस्तराचा तुकडा तपासूनच कळतं.

पिशवी काढायला सांगितली, तर विचारा: नेमकं कारण काय? पिशवीत गाठ असेल, तर केवढी आहे? गोळ्यांनी किंवा पिशवीत बसवायच्या हार्मोनच्या साधनाने भागेल का? अंडाशय राखणार का? पाळी जाण्याआधीच दोन्ही अंडाशय काढले, तर पाळी एकदम जाते आणि हाडं लवकर ठिसूळ होतात. तातडीचं नसेल, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्याच. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याचं प्रकरण २०१९ मध्ये राज्यभर गाजलं, ते विसरण्यासारखं नाही.

वाफांनी जीव नकोसा झाला असेल, तर हार्मोनच्या गोळ्यांबद्दल विचारा. साठीच्या आत किंवा पाळी जाऊन १० वर्षं झाली नसतील, तर बहुतेकींना फायदा जास्त होतो. स्तनाचा कॅन्सर किंवा पायात रक्ताची गुठळी झालेली असेल, तर सहसा देत नाहीत.

सोलापूरच्या पूर्व भागातल्या ज्यांना तेलुगूतच मोकळं बोलता येतं, त्यांनी मुलीला किंवा सुनेला बरोबर न्यावं. पण कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं तिच्यासमोर सांगवत नाही. डॉक्टरांकडे दोन मिनिटं एकटीसाठी मागा. त्यावर आत लावायचं क्रीम मिळतं.