सप शिकायचंय? मग आधी परत कसं यायचं ते बघा

पहिल्यांदा बोर्डवर उभी राहिले तेव्हा काठावरून टाळ्या पडल्या आणि मला वाटलं चला, जमलं. वीस मिनिटांनी मागे वळून पाहिलं तर टाळ्या वाजवणारे मुंगीएवढे दिसत होते, आणि एवढं अंतर मी काही वल्हवून गेले नव्हते, वाऱ्याने नेलं होतं. मग कशी परत आले ते पुढे सांगते, पण तेव्हापासून कुणी विचारलं की स्टँड अप पॅडलबोर्डिंग कसं सुरू करायचं (म्हणजे लांब फळीसारख्या बोर्डवर उभं राहून पॅडलने वल्हवत पाण्यावर फिरायचं, सगळे सपच म्हणतात, मीही तेच म्हणते) तर मी उभं राहण्यापासून सुरुवातच करत नाही. उभं राहणं तासाभरात बहुतेकांना जमतं, साठीतल्या लोकांना जमलेलं पाहिलंय. शिकावं लागतं ते परत येणं.

पोहता यायला पाहिजे हे वेगळं सांगायला नको. आणि पोहता येत असलं तरी लाइफ जॅकेट घालायचं, बोर्डवर बांधून ठेवायचं नाही, अंगात घालायचं, बकल लावून. पाण्यात पडल्यावर जॅकेट अंगात चढवणं काय प्रकार असतो ते एकदा उथळ पाण्यात करून बघा, मग परत कधी बांधून ठेवणार नाही.

बोर्ड लगेच विकत घेऊ नका. दोनतीनदा भाड्याने किंवा ओळखीतल्या कुणाचा घेऊन बघा, मग ठरवा. नवशिक्यासाठी साधा ऑलराउंड बोर्ड, १० ते ११ फूट लांब आणि ३२ ते ३४ इंच रुंद, आणि यातली रुंदी जास्त महत्त्वाची, लांबीवर भुलू नका. रेसिंगचे १४ फुटी निमुळते बोर्ड दिसायला लई भारी दिसतात पण त्यावर पहिल्या दिवशी तुम्ही बोर्डपेक्षा पाण्यातच जास्त असाल. कंपनीने वजनाची मर्यादा दिलेली असते ती कमाल मर्यादा असते, त्यात तुमचं वजन, बॅग, पाण्याची बाटली सगळं धरून बऱ्यापैकी जागा उरली पाहिजे. उभं राहिल्यावर बोर्डच्या वर पाणी येत असेल तर तो बोर्ड तुम्हाला लहान आहे, तुमच्या तोलात काही खोट नाही.

हार्ड बोर्ड पाण्यात छान सरकतो, पण तो ठेवायला जागा आणि न्यायला गाडीवर कॅरियर लागतो, त्यामुळे बरेच जण हवा भरायचाच घेतात. हा हवेचा बोर्ड म्हणजे पोहण्याच्या टायरचा भाऊ नाही हं. वरच्या आणि खालच्या थराला आतून हजारो धाग्यांनी बांधलेलं असतं म्हणून हवा भरली की तो फुग्यासारखा गोल न होता फळीसारखा सपाट आणि टणक होतो. पण त्यासाठी प्रेशर पूर्ण लागतं, साधारण १२ ते १५ पीएसआय, नेमका आकडा बोर्डवर किंवा व्हॉल्व्हजवळ लिहिलेला असतो. आता गंमत अशी की सुरुवातीची बरीच मिनिटं पंपाचा काटा हलतच नाही. बोर्ड फुगलेला दिसतो, काटा शून्यावर, आणि माणूस म्हणतो पंप बिघडला, झालं असेल, चला. नाही झालेलं. काटा हलायला लागतो तिथून खरं काम सुरू होतं आणि शेवटच्या दोनतीन पीएसआयला घाम निघतो. अर्धवट हवेचा बोर्ड तुम्ही उभं राहिल्यावर सैल खाटेसारखा मधोमध खाली जातो आणि मग तोल कसला राहतोय.

व्हॉल्व्हच्या आत एक छोटी पिन असते, दाबून फिरवली की वर येते नाहीतर खाली अडकते. हवा भरताना ती वर पाहिजे. खाली राहिली असेल तर १५ पीएसआय भरून, घाम पुसून, ऐटीत पाइप काढला की फुस्स्स, सगळी हवा दोन सेकंदांत बाहेर आणि आसपासचे सगळे दचकून तुमच्याकडे बघतात. माझं दोनदा झालंय.

फिन, म्हणजे बोर्डखाली लावायचा माशाच्या परासारखा तुकडा, मागच्या टोकाला, पाण्याच्या बाजूने, आणि तिचं वळलेलं टोक मागे. फिन घरी राहिली तर बोर्ड जागच्या जागी भोवऱ्यासारखा फिरत राहतो. आणि उभं राहिल्यावर फिन तुमच्या पाठीमागे हवी, हे वाचून हसाल पण उलट्या तोंडाने उभे राहून "हा सरळ का जात नाही" म्हणणारे दर वेळी एक तरी दिसतात.

आता पॅडल. पॅडलचं पातं दांड्यापासून थोडं वाकलेलं असतं, आणि आपल्या मनाला वाटतं की चमच्यासारखी खोलगट बाजू आपल्याकडे पाहिजे म्हणजे पाणी ओढता येईल. नेमकं उलटं. पातं पुढच्या दिशेला झुकलेलं पाहिजे. कारण पातं पुढे लांब नेऊन पाण्यात घातलं की त्या कोनामुळे ते ओढताना सरळ उभं राहतं आणि तुमचा सगळा जोर बोर्ड पुढे न्यायला लागतो, उलटं धरलं तर तेच पातं मागे येताना पाणी वर उचलत बसतं आणि दंड भरून येतात. बऱ्याच पॅडलवर कंपनीचं नाव पुढच्या बाजूला छापलेलं असतं, ते समोर बघतंय का ते पाहायचं. मला शिकवणाऱ्या मुलाने पहिल्या दिवशी शेवटी सांगितलं, "ताई, तुम्ही उलटं पॅडल घेऊन अख्खा तास काढलात." अरे मग आधी सांगायचं ना.

उंची लावायची तर पॅडल जमिनीवर उभं करून हात सरळ वर करा, वरची मूठ मनगटाशी आली की झालं. एक हात कायम त्या वरच्या मुठीवर, दुसरा दांड्यावर. झाडू धरल्यासारखे दोन्ही हात दांड्यावर धरू नका.

लीश, म्हणजे पायाला आणि बोर्डला बांधायची दोरी, ही पहिल्या दिवसापासून. लोकांना वाटतं बोर्ड हरवू नये म्हणून असते. अहो, बोर्ड गेला तर गेला, पण पाण्यात तुमचा सगळ्यात मोठा तरंगणारा आधार तोच आहे, आणि तुम्ही पडल्यावर वारा त्याला ज्या वेगाने नेतो त्या वेगाने तुम्ही पोहू शकत नाही. शांत पाण्यात गुंडाळीची लीश चालते, लाटांवर सरळ दोरीची. वाहत्या नदीत मात्र पायाला बांधलेली लीश फांदीत किंवा दगडात अडकली तर प्रवाह तुम्हाला पाण्याखाली दाबून ठेवतो आणि पायापर्यंत हात पोचत नाही, म्हणून तिथे कमरेची, एका झटक्यात सुटणारी लीश वापरतात. पण नवशिक्याने वाहत्या पाण्यात जायचंच कशाला, तळं बरं.

आता वारा, ज्याच्यासाठी एवढं सगळं लिहायला बसले. तुम्ही बोर्डवर उभे असता तेव्हा तुमचं अंग म्हणजे शीड. ताशी १८-२० किलोमीटरचा वारा रस्त्यावर चालताना जाणवतही नाही फारसा, पाण्यावर तोच वारा नवशिक्याला परत येऊ देत नाही. पाण्यावर पांढऱ्या फेसाची टोकं दिसायला लागली असतील तर त्या दिवशी बोर्ड गाडीतच ठेवा. सकाळी लवकर जा, वारा बहुधा दुपारकडे वाढत जातो, समुद्रावर तर जास्तच.

पण फसवणारा वारा वेगळाच असतो, जमिनीकडून पाण्याकडे वाहणारा. मागे झाडं, टेकडी, इमारती काहीतरी आडोसा असतो म्हणून काठाजवळचं पाणी अगदी आरशासारखं सपाट दिसतं आणि तुम्हाला वाटतं वा, शिकायला याच्यापेक्षा चांगला दिवस नाही. आडोसा संपला की वारा पाठीवर येतो आणि तुम्हाला वाटतं आपण काय मस्त चाललोय, हात चांगला बसलाय. माझं हेच झालं होतं. म्हणून निघायच्या आधी पाण्याच्या कडेला पाण्याकडे तोंड करून उभे राहा. वारा तोंडावर लागतोय? चांगलं, तो तुम्हाला काठाकडेच ढकलेल. मानेवर, पाठीवर लागतोय? नका जाऊ. बाजूने लागतोय? मग आधी वाऱ्याच्या उलट दिशेला काठाकाठाने जा, दमलात की वाराच परत आणेल. समुद्रावर किंवा खाडीत भरती-ओहोटीची वेळ पण बघायची, ओहोटीचं पाणी बाहेर ओढतं आणि त्यात पाठीवर वारा असेल तर दोघांशी भांडायला तुमच्याकडे एकच पॅडल आहे.

एवढं सगळं जमलं की मग पाण्यात. गुडघ्याच्या वर पाणी येईपर्यंत बोर्ड हाताने धरून चालत न्या, नाहीतर फिन तळाला अडकते, बोर्ड थांबतो आणि तुम्ही मात्र पुढे जाता. बोर्डच्या मधोमध उचलायचा हँडल असतो, साधारण तिथेच बोर्डचा तोल असतो, त्याच्या दोन्ही बाजूला गुडघे ठेवून बसा. आणि बसूनच दहा-पंधरा मिनिटं वल्हवा, दांडा जरा खाली धरून. लोक ही पायरी गाळतात कारण लाज वाटते, पण बोर्ड कसा डुलतो, कसा वळतो हे गुडघ्यांवर असतानाच कळतं, आणि वारा सुटला की याच गुडघ्यांवर यायचंय.

उभं राहताना पॅडल समोर आडवं ठेवा, दोन्ही हात बोर्डवर. जिथे गुडघा होता तिथे एक पाऊल, मग दुसरं. दोन्ही पावलं समोर बघणारी, खांद्याएवढं अंतर, सर्फिंगसारखं एक पुढे एक मागे नाही. गुडघे वाकलेलेच ठेवून हळूहळू उठा आणि उठल्या उठल्या पॅडल पाण्यात घाला, हे विसरू नका, पाण्यातलं पातं म्हणजे तुमचा तिसरा पाय. बघायचं लांब, समोरच्या काठाकडे. पायाकडे बघितलं की गेलातच. आणि थांबू नका, सायकलसारखंच आहे, चालता बोर्ड स्थिर असतो, थांबलेला डुलतो. पायाची बोटं बोर्डला चिकटवून धरली जातात नकळत, मग तळव्यात गोळे येतात, मधूनमधून बोटं हलवा.

पडाल. पहिल्या दिवशी तर मुद्दाम दोनतीनदा पडाच. पडायचं बाजूला, बोर्डपासून लांब, पाठीवर किंवा कुशीवर आडवं, डोकं खाली घालून सूर मारायचा नाही कारण पाणी किती खोल आहे कुणाला माहीत. तोल जातोय कळल्यावर बोर्ड पकडायला जाऊ नका, बहुतेक लागतं ते बोर्डवरच आपटून. वर आल्यावर आधी बोर्ड धरा, पॅडल नंतर, ते कुठे पळत नाही. बोर्ड उलटा झाला असेल तर पलीकडची कड ओढून सरळ करा. मग हँडलशेजारी या, एका हाताने हँडल धरा, आणि इथे सगळे चुकतात, हाताच्या जोरावर वर चढायला बघतात. पाय बोर्डच्या खाली जातात आणि माणूस लोंबकळत राहतो. आधी पाय जोरात मारून अंग पाण्यावर आडवं करा, मग पोटावर सरकत बोर्डवर या, मासा काठावर उडी मारतो तसं, दिसायला काही शोभा नाही. अगदीच जमत नसेल तर मागच्या टोकाकडून या, तिकडचा भाग दाबला जातो म्हणून सोपं पडतं. हे तीनदा जमल्याशिवाय काठापासून लांब जायचं नाही, माझा तरी हा नियम आहे आणि मी तो कुणाला मोडू देत नाही.

वल्हवणं शब्दांत थोडक्यातच सांगता येतं. पातं पुढे लांब, पूर्ण पाण्यात बुडवा, घोट्यापर्यंत ओढा आणि काढा. त्याच्या मागे नेलं तर बोर्ड फक्त वळतो. जोर हातांचा नाही, कमरेतून वळायचं आणि वरच्या हाताने ढकलायचं. एका बाजूला चारपाच हात मारले की बाजू बदला. वळायचं असेल तर पातं पुढून मागे अर्धगोल फिरवा, बोर्ड उलट्या बाजूला वळतो. थांबायला पॅडल मागून पुढे.

तर त्या दिवशी मी उभी राहूनच वाऱ्याशी झटत होते, पाच हात पुढे, सहा हात मागे. मग कधीतरी वैतागून गुडघ्यांवर बसले तर फरक पडला, वाऱ्याला अंगच कमी मिळालं. तेही पुरेना तेव्हा पोटावर पडले, पॅडल पोटाखाली दाबलं आणि दोन्ही हातांनी पाणी कापत निघाले. सरळ काठाकडे नाही, जरा तिरकं, जिथे झाडांचा आडोसा होता तिकडे. वीस मिनिटांचं अंतर तासापेक्षा जास्त लागलं. हे काठाजवळ एकदा सराव म्हणून करून ठेवा, पोटावर पडून शंभर मीटर. आणि तेही जमलं नाही तर बोर्ड सोडून पोहत निघायचं नाही, काहीही झालं तरी. बोर्डवर बसा आणि दोन्ही हात बाजूला पसरून हळूहळू वर-खाली करत राहा, मदत हवी आहे अशी ती खूण आहे. फोन वॉटरप्रूफ पाउचमध्ये, तो गळ्यात, बोर्डच्या बॅगेत नाही. आणि किती वाजता परत येणार ते काठावरच्या कुणाला तरी सांगून ठेवा.

कपडे हवेकडे नाही, पाण्याकडे बघून घाला, ऊन असलं तरी पाणी गार असेल तर पडल्या पडल्या श्वास अडकतो. आणि सनस्क्रीन पावलांच्या वरच्या बाजूलाही लावा, तिथे लावायचं कुणाच्या डोक्यात येत नाही आणि रात्री चपलेचा पट्टा सहन होत नाही.

परत आल्यावर हवेचा बोर्ड फुगलेलाच उन्हात टाकून जेवायला जाऊ नका, आतली हवा तापून प्रेशर वाढतं, सावलीत ठेवा नाहीतर थोडी हवा सोडा. खाऱ्या पाण्यातून आला असेल तर साध्या पाण्याने धुवा, आणि पूर्ण वाळल्यावरच गुंडाळा. मी एकदा ओलाच गुंडाळून पंधरा दिवस ठेवला होता, उघडल्यावर जो वास आला तो अजून पिशवीला आहे.