सीपीयूफ्रीक ड्रायव्हरचा पॅच तपासताना या चुका टाळा

लिनक्स कर्नलमधला सीपीयूफ्रीक ड्रायव्हर, म्हणजे प्रोसेसरची फ्रिक्वेन्सी गरजेप्रमाणे कमी-जास्त करणारा कोड, दिसायला लहानखुरा असतो. दोन-तीनशे ओळी, एक फ्रिक्वेन्सी टेबल, चार-पाच कॉलबॅक (कर्नल गरजेला बोलावतो ती फंक्शनं). त्यामुळे रिव्ह्यू पटकन उरकला जातो, आणि तिथेच घात होतो. व्होल्टेज अपुरं पडलं की प्रोसेसर चुकीची गणितं करतो किंवा जागीच थांबतो. बोर्ड गोठतो, लॉग कोरा राहतो आणि दोष भलत्याच ड्रायव्हरवर जातो.

फ्रिक्वेन्सी वाढवताना आधी व्होल्टेज, मग क्लॉक. कमी करताना आधी क्लॉक, मग व्होल्टेज. हा क्रम सगळ्यांना पाठ असतो आणि रिव्ह्यूमध्ये तो बघितलाही जातो. खरी गोम आहे ती मधेच काही फसलं तर काय, यात. समजा व्होल्टेज चढवलं आणि क्लॉक बदलायचा कॉल एरर देऊन परत आला. कोडमध्ये तिथे सरळ ‘return ret’ (आलेली एरर तशीच परत) लिहिलेलं असेल, तर व्होल्टेज वरच अडकून राहतं. बोर्ड चालतो, पण विनाकारण तापतो आणि बॅटरी खातो. उलट दिशेला क्लॉक उतरला, पण रेग्युलेटरने (व्होल्टेज पुरवणाऱ्या भागाने) व्होल्टेज उतरवायला नकार दिला, तर तत्काळ धोका नाही. मात्र ड्रायव्हरने एरर परत केली की सीपीयूफ्रीक कोअर (सगळ्या ड्रायव्हरांचा सामाईक कोड) असं धरून चालतो की जुनीच फ्रिक्वेन्सी कायम आहे. प्रत्यक्षात ती बदललेली असते. म्हणून माझा आग्रह असा: एरर द्यायची असेल तर हार्डवेअर आधीच्या स्थितीत आणूनच द्या. टार्गेट-इंडेक्स हा फ्रिक्वेन्सी बदलणारा कॉलबॅक वाचताना मी प्रत्येक एरर रिटर्नपाशी थांबून कागदावर दोन आकडे लिहितो: या क्षणी क्लॉक किती, व्होल्टेज किती. जोडी जुळली नाही की पॅच परत.

चुकांची दुसरी खाण एककांची. सीपीयूफ्रीक किलोहर्ट्झमध्ये बोलतो, क्लॉक फ्रेमवर्क आणि ओपीपी टेबल (फ्रिक्वेन्सी-व्होल्टेजच्या जोड्यांचं) हर्ट्झमध्ये, रेग्युलेटर मायक्रोव्होल्टमध्ये, आणि ट्रान्झिशन लेटन्सी (बदलाला लागणारा वेळ) नॅनोसेकंदांत. एका कॉलबॅकमध्ये हे सगळं एकत्र येतं. लेटन्सीच्या जागी मायक्रोसेकंदांचा आकडा बसला की गव्हर्नरला (कधी किती फ्रिक्वेन्सी हवी ते ठरवणाऱ्या भागाला) हार्डवेअर हजारपट चपळ वाटतं.

यातली एक चूक जवळून बघण्यासारखी आहे. क्लॉक बदलल्यावर तो खरंच बदलला का, म्हणून ड्रायव्हर परत वाचतो. चांगली सवय. पण क्लॉककडून आलं १३३३३३३३३ हर्ट्झ आणि टेबलातल्या १३३३३३ किलोहर्ट्झला हजाराने गुणून मिळालं १३३३३३०००. दोन्ही एकच, तरी तुलना फसते आणि कर्नल −५ ही एरर दाखवत फ्रिक्वेन्सी बदलता आली नाही असं सांगतो. एससीपीआय (फर्मवेअरमार्फत फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या) ड्रायव्हरमध्ये नेमकं हेच घडलं होतं. उपाय साधा: तुलना किलोहर्ट्झमध्ये करा.

त्याच ओळीत गुणाकाराचा प्रकारही बघा. किलोहर्ट्झचा आकडा ३२ बिटांचा असेल आणि त्याला साध्या हजाराने गुणलं, तर डावीकडचं व्हेरिएबल ६४ बिटांचं असूनही गुणाकार ३२ बिटांतच होतो. सुमारे ४.२९ गिगाहर्ट्झच्या पुढे आकडा गुंडाळला जातो. आज बोर्ड १.५ गिगाहर्ट्झचा आहे म्हणून सोडून देऊ नका. हा कोड पुढच्या चिपसाठी जसाच्या तसा उचलला जातो.

सध्याची फ्रिक्वेन्सी सांगणारा गेट कॉलबॅक अनसाइन्ड इंट (ऋण न होणारी संख्या) परत करतो. तिथे घाईत −१९ ही एरर परत केली तर कोअरला ती ४२९४९६७२७७ किलोहर्ट्झ म्हणून दिसते, म्हणजे जवळपास ४२९५ गिगाहर्ट्झ! फसल्यास शून्य परत करायचं असतं, कोअर त्याचा अर्थ ओळखतो. याच कॉलबॅकमध्ये सीपीयूवरून पॉलिसी (एकत्र फ्रिक्वेन्सी बदलणाऱ्या सीपीयूंची नोंद) मिळवलेली असेल तर ती नल (रिकामी) येऊ शकते, हेही तपासा. संदर्भ मोजणारं फंक्शन वापरलं असेल, तर तो प्रत्येक वाटेवर परत सोडलाय का तेही.

फास्ट स्विचबद्दल मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा. २०१६ साली ४.७ कर्नलमध्ये स्केडयुटिल गव्हर्नर आला, तेव्हापासून शेड्युलर थेट ड्रायव्हरला हाक मारू शकतो. यालाच फास्ट स्विच म्हणतात, आणि त्या ठिकाणी झोपायची, म्हणजे थांबून वाट बघायची, परवानगी नाही. क्लॉक बदलण्याचा नेहमीचा कॉल म्युटेक्स (झोपू शकणारं कुलूप) घेतो, आयटूसी बसवरचा रेग्युलेटर तर हमखास झोपतो. तरीही ‘वेग वाढेल’ म्हणून फास्ट स्विच चालू करणारे पॅच येतात. ॲटॉमिक स्लीप डीबग (मनाई असताना झोपलं की इशारा देणारी कर्नलची सोय) चालू ठेवून घेतलेला लॉग मागा.

किरकोळ पण नेहमीच्या गोष्टी: रेग्युलेटर अजून तयार नसेल तर प्रोब डिफर (‘नंतर पुन्हा प्रयत्न करा’ अशी एरर) परत करा, ड्रायव्हर कायमचा बंद करू नका. इनिटमध्ये जे घेतलं ते एक्झिटमध्ये उलट्या क्रमाने सोडा. आणि मुळात नवा ड्रायव्हर हवाच का, हे विचारा. एक क्लॉक, एक रेग्युलेटर आणि डिव्हाइस ट्रीमधलं (बोर्डाच्या हार्डवेअरच्या वर्णनातलं) ओपीपी टेबल असेल तर सीपीयूफ्रीक-डीटी हा कर्नलमधला तयार ड्रायव्हर बहुतेकदा पुरतो.

बोर्डावर पडताळताना नुसती स्केलिंग-कर-फ्रीक (scaling_cur_freq) ही सिसएफएसमधली फाइल वाचून समाधान मानू नका. बऱ्याच ड्रायव्हरांमध्ये ती शेवटी मागितलेली फ्रिक्वेन्सी असते. हार्डवेअरकडून वाचलेला आकडा सीपीयूइन्फो-कर-फ्रीकमध्ये (cpuinfo_cur_freq) मिळतो. यूजरस्पेस गव्हर्नर (फ्रिक्वेन्सी हाताने ठरवू देणारा) लावा, लोड चालू ठेवून टेबलातल्या प्रत्येक पायरीवरून दुसऱ्या प्रत्येक पायरीवर जा, सोबत सीपीयू ऑफलाइन-ऑनलाइन करत राहा. मग क्लॉकच्या कॉलमध्ये दर दहाव्या वेळी मुद्दाम एरर घाला आणि हीच फेरी पुन्हा मारा, रेग्युलेटरचं व्होल्टेज समोर ठेवून.