सौंदर्यस्पर्धेवर वादविवाद करायचा असेल तर

कनिष्ठ महाविद्यालयातल्या मुलामुलींची वादविवाद स्पर्धेची तयारी मी वर्षानुवर्षे करून घेत आले आहे. ‘सौंदर्यस्पर्धांमुळे स्त्रीचा सन्मान वाढतो’ असा विषय आला की विरोधी बाजूची जोडी बहुतेक वेळा एकाच जागी अडकते. पहिला वक्ता म्हणतो, ‘स्त्री ही बघण्याची वस्तू नाही.’ दुसरी म्हणते, ‘हे आपल्या संस्कृतीत बसत नाही.’ दोन्ही वाक्यांना टाळ्या पडतात. पण पहिल्या वाक्यात बाईच्या देहावर बाजाराचा हक्क नाकारलेला असतो, आणि दुसऱ्यात त्याच देहावर समाजाचा हक्क सांगितलेला असतो. समोरच्यांनी हे ओळखलं तर खंडनात तुमची जोडी एकमेकांविरुद्धच उभी राहते.

म्हणून भाषण लिहिण्याआधी १९९६ सालचं बंगळूर वाचा. त्या वर्षीची मिस वर्ल्ड स्पर्धा २३ नोव्हेंबरला चिन्नास्वामी स्टेडियमवर झाली. आयोजन अमिताभ बच्चन यांच्या एबीसीएल कंपनीचं होतं. विरोध एवढा पेटला की स्विमसूटची फेरी भारताबाहेर, सेशेल्सला न्यावी लागली. मदुराईत एका तरुणाने जाळून घेऊन जीव दिला. शेवटी कडेकोट बंदोबस्तात ग्रीसच्या इरिन स्क्लिवाला मुकुट मिळाला.

आता फुलस्केप कागदावर तीन उभे रकाने आखा: विरोध कोणाचा, आक्षेप कशाला, आणि त्यांचं ऐकलं तर बाईच्या वाट्याला काय येईल. पहिले दोन रकाने सगळेच भरतात, जीव आहे तो तिसऱ्यात. हिंदुत्ववादी संघटनांचा आक्षेप अंगप्रदर्शनाला होता. त्यांचं ऐकलं तर बाईने काय घालायचं हे समाज ठरवणार. स्त्रीवादी आणि डाव्या संघटनांचा आक्षेप देहाच्या बाजारीकरणाला होता, बाईच्या कपड्यांना नव्हे. कर्नाटक राज्य रयत संघ या शेतकरी संघटनेचा राग परदेशी कंपन्यांवर होता. त्याच वर्षी जानेवारीत त्यांच्या कार्यकर्त्यांनी बंगळूरमधलं केंटकी फ्राइड चिकनचं दुकान फोडलं होतं. त्यांच्या तिसऱ्या रकान्यात बाईविषयी फारसं काही लिहिताच येत नाही, हेही लक्षात घ्या. १९९१ नंतर बाजारपेठ खुली झाली, १९९४ मध्ये सुश्मिता सेन मिस युनिव्हर्स आणि ऐश्वर्या राय मिस वर्ल्ड झाली. ही पार्श्वभूमी दोन वाक्यांत सांगा, त्यावर वेळ घालवू नका.

एका सरावात एक मुलगी संस्कृतीचा मुद्दा फार ठसक्यात मांडत होती. मी तिला तिसरा रकाना भरायला सांगितला. पेन हातात धरून ती बराच वेळ थांबली आणि म्हणाली, ‘मॅडम, मग मलाच जीन्स घालता येणार नाही.’ तिने भाषणाचं कार्ड फाडलं आणि नवं लिहिलं: ‘माझा आक्षेप तिच्या कपड्यांना नाही, तिच्या देहाला गुण देणाऱ्यांना आहे.’ विरोधी बाजू मांडणाऱ्यांनी याच वाक्यापासून सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे.

अनुकूल बाजूचे वक्ते हमखास रीटा फारियाचं नाव घेतात. मुंबईत वाढलेली, गोव्याच्या कुटुंबातली वैद्यकीय विद्यार्थिनी १९६६ साली मिस वर्ल्ड झाली. उदाहरण छान आहे, पण अर्धंच. त्याच वर्षअखेरीस ती अमेरिकी विनोदवीर बॉब होपच्या चमूबरोबर व्हिएतनामला अमेरिकी सैनिकांच्या मनोरंजनाला गेली आणि भारतात त्यावर टीका झाली. पुढे तिने वैद्यकीय शिक्षण पूर्ण केलं आणि डॉक्टरकी केली. मग तिचा सन्मान मुकुटाने झाला की डॉक्टरकीने, असा प्रश्न येणारच.

त्यापेक्षा १९७० चं लंडन घ्या. रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये बॉब होप मंचावर असताना स्त्रीमुक्तीच्या कार्यकर्त्यांनी पिठाच्या पुड्या फेकल्या. त्याच रात्री ग्रेनाडाची जेनिफर होस्टन पहिली कृष्णवर्णीय मिस वर्ल्ड झाली. जोडीला ७ सप्टेंबर १९६८ चं अटलांटिक सिटी ठेवा. मिस अमेरिकाविरोधी निदर्शनं आणि पहिली मिस ब्लॅक अमेरिका स्पर्धा एकाच दिवशी, एकाच शहरात झाली, कारण मूळ स्पर्धेत तोवर एकही कृष्णवर्णीय स्पर्धक उतरली नव्हती. जिला दारातच अडवलं, तिला आत जाण्याचं मोल वेगळं वाटतं. अनुकूल बाजूला यापेक्षा भक्कम आधार मला माहीत नाही. मात्र तिथे अंतर्वस्त्रं जाळली असं म्हणू नका. ती कचऱ्याच्या पिंपात टाकली होती, जाळलं काहीच नाही. जाणकार परीक्षक तिथेच गुण कापतात.

२००२ च्या नायजेरियाचा उल्लेख जपून करा. वृत्तपत्रातल्या लेखातल्या प्रेषितांविषयीच्या एका वाक्यावरून कादुनात दंगल पेटली, दोनशेहून अधिक माणसं मेली आणि तिथे होणारी मिस वर्ल्ड स्पर्धा लंडनला हलवली गेली. तिथला धार्मिक तणाव आधीपासूनचा होता. हे मृत्यू ‘स्पर्धा वाईट’ एवढंच दाखवायला वापरू नयेत.

नियम ताजे ठेवा. मिस वर्ल्डने स्विमसूट फेरी बंद करण्याचा निर्णय २०१४ मध्ये जाहीर केला, मिस अमेरिकाने २०१८ मध्ये. मिस युनिव्हर्सने २०२३ पासून विवाहित स्त्रिया आणि मातांना प्रवेश दिला. आक्षेप घेताना स्पर्धेचं नाव आणि साल घ्या. खंडनासाठी समोरच्या जोडीची दोन वाक्यं शब्दशः टिपून ठेवा आणि त्यांचाही तिसरा रकाना त्यांनाच भरायला लावा.