लॅब एलटीएसपीवर आणि एक्सपआइज सापडतच नाही? असं करा

आमच्या लॅबमध्ये एकच दणकट सर्व्हर, बाकी सगळे डबे म्हणजे क्लायंट कॉम्प्युटर हार्डडिस्क नसलेले, नेटवर्कवरून बूट होणारे, आणि हे जमवणारं लिनक्सचं सॉफ्टवेअर म्हणजे एलटीएसपी. फिजिक्सच्या मॅडम एक्सपआइज-१७ घेऊन आल्या, म्हणजे दिल्लीच्या इंटर युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरवाल्यांची ती प्रयोगांची मोजमापं घेणारी यूएसबी पेटी, डब्याला लावली तर सॉफ्टवेअर म्हणतंय डिव्हाइसच नाही. केबल बदलली, पेटी बदलली, ढिम्म.

कारण साधंय, खऱ्या थिन क्लायंटमध्ये, म्हणजे नुसता स्क्रीन-कीबोर्डपुरता असलेल्या डब्यात, प्रोग्राम चालतो सर्व्हरवर आणि समोर येतं नुसतं चित्र, मग पेटी इकडे आणि तिला शोधणारा तिकडे.

यूएसबी-आयपी, म्हणजे यूएसबी डिव्हाइस नेटवर्कवरून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडण्याची सोय, वापरून पेट्या सर्व्हरला जोडता येतात, मी तो उद्योग केलाय. सगळ्या पेट्या सर्व्हरवर एका रांगेत उभ्या राहिल्या आणि प्रत्येक पोराच्या सॉफ्टवेअरने जी मोकळी दिसली ती धरली, मग तिसऱ्या बेंचवरच्या पोरीने वायर हलवली की ग्राफ नाचतोय पहिल्या बेंचवर. शिवाय पेटी ऑसिलोस्कोपचे सॅम्पल स्वतःच्या मेमरीत भरून एकदम पाठवते म्हणून ते ठीक येतं, पण डेटा लॉगर एकेक रीडिंग कॉम्प्युटरच्या घड्याळाने मागतो, तिथे नेटवर्क अडखळलं की पेंडुलमचा ग्राफ वेडावाकडा. पाणी थंड होण्याच्या प्रयोगाला चालून जाईल म्हणा.

तर प्रोग्राम क्लायंटवरच चालवा. २०१९ मध्ये नव्याने लिहिलेलं एलटीएसपी असेल तर ते मुळात तसंच चालतं, इमेज म्हणजे अख्ख्या सिस्टीमची तयार प्रत सर्व्हरवरून येते पण प्रोसेसर आणि रॅम डब्याची. माझ्या मते डब्याला २ जीबी रॅम तरी हवी, त्याखाली रडत बसाल.

सर्व्हरवर एक्सपआइजचं पॅकेज टाका. परवानगीसाठी यूडेव्हचा, म्हणजे कुठलं डिव्हाइस कोणाला वापरता येईल ते ठरवणाऱ्या लिनक्सच्या भागाचा, नियम लागतो, पॅकेजबरोबर आला नसेल तर ०४डी८:००डीएफ या पेटीच्या यूएसबी आयडीसाठी स्वतः लिहा, नाहीतर सॉफ्टवेअर फक्त रूटला, म्हणजे सगळे अधिकार असलेल्या ॲडमिनला, चालेल आणि पोरांना रूट द्यायचा मोह होईल, देऊ नका. मग एलटीएसपीची इमेज परत बनवा, इनिटआरडी म्हणजे बूट होताना आधी लोड होणारी छोटी फाइल पण, आणि क्लायंट रीस्टार्ट करा. इमेज बनवायचं हमखास राहतं हां, सर्व्हरवर सगळं छान दिसतं आणि क्लायंटवर मेनूत नावच नाही, मी अर्धा दिवस घालवलाय यात.

आता क्लायंटच्या टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी ही जोडलेल्या यूएसबी डिव्हाइसची यादी दाखवणारी कमांड मारा, तो आयडी दिसला पाहिजे. मग पेटीवरच्या ए३ या इनपुटला हातभर वायर खोचा, दुसरं टोक मोकळंच ठेवा, स्क्रीनवर भिंतीतल्या लाइटची ५० हर्ट्झची लाट उमटली की पेटी बोलतेय. वायर बोटांनी धरली की लाट मोठी होते, पोरं इथेच दहा मिनिटं काढतात, काढू द्या.

आणि फाइल सेव्ह होते सर्व्हरवरच्या होम फोल्डरमध्ये, म्हणजे मधेच कोणाचा पाय लॅनच्या केबलला लागला तर अर्धवट रीडिंग गेलं, म्हणून केबल आधी टेपने जमिनीला चिकटवा आणि मग प्रयोग लावा.