जुनी स्ट्रॅट बघायला जाण्याआधी

स्ट्रॅट म्हणजे फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर ही इलेक्ट्रिक गिटार. जुनी विकत घ्यायला बघायला जाताना पिशवी आदल्या रात्रीच भरा. फुलीचे दोन स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर, ट्यूनर, विजेरी, अतिनील प्रकाशाचा छोटा टॉर्च, केबल आणि तारांचा नवा सेट. नेक, म्हणजे गिटारची मान, काढायची तर तारा सैल कराव्या लागतात, आणि गंजलेली तार पुन्हा ताणताना पटकन तुटते. विक्रेत्याला फोनवरच विचारून ठेवा, 'नेक आणि पिकगार्ड उघडून बघू द्याल ना?' पिकगार्ड म्हणजे बॉडीवरची तारांखालची पातळ पट्टी. विक्रेता नाही म्हणाला तर जुन्याचा भाव देऊ नका.

फेंडरची स्ट्रॅटोकास्टर आली १९५४ मध्ये. जानेवारी १९६५ मध्ये सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीने फेंडर विकत घेतली आणि त्याआधीच्या गिटारींना आज कितीतरी जास्त पैसे पडतात, म्हणून सालाची खात्री करायची. नुसत्या सिरियल नंबरावर विसंबू नका. त्या काळी तो नेकच्या मागच्या प्लेटवर असायचा आणि चार स्क्रू काढले की प्लेट बदलता येते. नेकच्या बुडाशी पेन्सिलीने लिहिलेली किंवा शिक्क्याची तारीख बघा. मग पिकगार्ड उचलून पॉटच्या, म्हणजे आवाज-टोनच्या नॉबखालच्या भागाच्या, अंगावर कोरलेले आकडे वाचा. ३०४६३२५ असेल तर ३०४ म्हणजे स्टॅकपोल कंपनी, ६३ साल, पंचविसावा आठवडा. पॉट गिटारपेक्षा थोडे जुने असले तरी घाबरू नका, १९६६ चे पॉट फेंडरने पुढे काही वर्षं वापरले. पॉट गिटारपेक्षा नवे निघाले तर मात्र ते बदललेले आहेत. सोल्डरचे जोडही जवळून बघा. जुना जोड मंद, धुरकट दिसतो, चकचकीत ताजा थेंब दिसला की तिथे कुणाचा तरी हात लागलाय.

रंगाबाबत मी एकदा फसलो. सनबर्स्ट (मध्ये फिकट, कडेला गडद असा रंग) इतका सुंदर होता की पिकगार्ड उघडायचं मनातच आलं नाही. घरी उघडला तेव्हा स्क्रूच्या भोकांत रंग उतरलेला, म्हणजे बॉडी नंतर पुन्हा रंगवलेली. अशा गिटारची किंमत साधारण निम्म्यावर येते. तेव्हापासून आधी अतिनील टॉर्च. जुनं नायट्रो लॅकर (त्या काळचं वॉर्निश) त्यात हिरवट-पिवळं चमकतं आणि नंतर मारलेला रंगाचा हात बहुतेक वेळा वेगळा उठून दिसतो.

वाजवताना आधी ॲम्प (आवाज मोठा करणारं यंत्र) नको. जाड तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी फट बघा, पोस्टकार्डाच्या जाडीइतकी असली तर उत्तम. जास्त असेल तर लक्षात ठेवा, १९७१ पूर्वीच्या स्ट्रॅटमध्ये नेकचा बाक दुरुस्त करणाऱ्या ट्रस रॉडचा (नेकच्या आतल्या सळईचा) स्क्रू नेकच्या बुडाशी असतो, घरी बसून सहज फिरवता येत नाही. प्रत्येक फ्रेटवर प्रत्येक सूर वाजवा. मग केबल लावून व्हॉल्यूम पूर्ण ठेवा आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मल्टिमीटर धरा: एकेका पिकअपला (तारांचा सूर टिपणारी तारेची गुंडाळी) साडेपाच ते साडेसहा किलो-ओहमच्या आसपास आकडा यावा. एखादा पिकअप इतर दोघांच्या कित्येक पट दाखवत असेल तर आतली तार तुटली असणार. ती पुन्हा गुंडाळून मिळते, पण पिकअप मग मूळचा राहत नाही.

खुंट्या, ट्रेमोलोचे (सूर हलवणाऱ्या दांडीच्या यंत्रणेचे) सहा स्क्रू, नॉब हे शेवटी बघितलं तरी चालतं.

अमेरिकेतून पुण्या-मुंबईकडे आणायची असेल तर आधी फिंगरबोर्डचं, म्हणजे नेकवरच्या बोटं दाबायच्या पट्टीचं, लाकूड विचारा. साठच्या दशकाच्या पूर्वार्धातल्या रोजवुडच्या फिंगरबोर्डला ब्राझिलियन रोजवुड असण्याची शक्यता मोठी, आणि ते १९९२ पासून साइट्स (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय) कराराच्या पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. परवान्याचे कागद हातात आल्याशिवाय विमानाचं तिकीट काढू नका.